पद्मालयाची कमळे

पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, वर्षभरात अंधार होईल असेही सांगितले. मी बायकोला म्हटले, आता लग्नांचे फोटो पुरे! जन्मभर लोकांच्या बाशिंगांवर नजर खर्च केली, उरलेली एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या कमळांसाठी. लढाईमुळे विलायती काचा (मसाला लावलेल्या, ज्यांवर फोटो उठतो) मिळेनाशा झाल्या होत्या. हातापाया पडून शेवटची पेटी मिळवली आणि ती छातीशी धरूनच चाळीसगावला गाडी बदलली.

पुढे म्हसावदहून एरंडोलपर्यंत बैलगाडी. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, धुळीने डोळे चुरचुरणारे. उतरलो बायकोच्या लांबच्या मामांकडे, नानांकडे. त्यांच्या घरच्या अक्कांनी कळणाची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. गणपतीचे देऊळ सोडून हा बाबा तळ्याचा फोटो काढणार, याचे नानांना भारी हसू आले.

पद्मालयाच्या तळ्यावर पहाटे वारा पडायची वाट पाहत बसलो. मग एक अर्धवट मिटलेले कमळ, पानाची दुमडलेली कड आणि खाली काळे स्वच्छ पाणी. देव नाही, माणूस नाही. जन्मात पहिल्यांदा मला हवे तसे दिसले. सगळ्या काचा तिथेच खर्च केल्या, घरी अंधाऱ्या कोठीत त्या पेटीत भरल्या आणि उजेड लागला तर सारे जाईल, असे नानांना बजावले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. नाना शेतावर गेले, मी अंजनी नदीवर आंघोळीला. परत येतो तो अंगणात नांगराचा फाळ, विळे आणि त्यांच्या शेजारी झेंडूची माळ घातलेला माझा कॅमेरा. पाहून बरे वाटले. मग पुढे पाहिले. पापड वाळत घालावेत तशा माझ्या काचा उन्हात मांडलेल्या.

अक्का कौतुकाने म्हणाल्या, "भाऊ, तुमन्या हत्यारस्नीबी पूजा करी. बठ्ठ्या (सगळ्या) काचास्ले हळद-कुंकू लायं, एकबी सोडी नही."

ओरडावे कोणावर? सकाळपासून उपाशी राहून त्यांनी माझ्या पोटापाण्याची पूजा केली होती. "छान झाली," एवढेच म्हणालो. दुपारी खापरावरचे मांडे वाढले, तेही छान म्हणून खाल्ले.

पुण्याला आल्यावर तरीही काचा रसायनात धुतल्या. आशा वेडी असते. सगळ्या काळ्या ठिक्कर निघाल्या. फक्त कुंकवाने ऊन अडवले होते तेवढी जागा प्रत्येकीवर गोल, स्वच्छ राहिली होती. एकीवरून कागद छापला; काचेवरचे काळे कागदावर पांढरे उमटते. पांढरा कोरा कागद आणि त्यावर अक्कांच्या बोटाएवढा काळा ठिपका.

आता नवी पेटी मिळाली तरी काय उपयोग? कमळे गेली ती गेली. तो कागद मी चौकटीत लावून भिंतीवर टांगला आहे. दिवाळीपर्यंत ठिपका दिसत होता. हल्ली चौकटच चाचपून शोधावी लागते.