एक रात्र माझी, दोन रात्री तिच्या

अंदमानात राहायला जागा शोधताना माझं आणि ताईचं जे भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मिटावं अशी माझी फारशी इच्छाही नाही. मी अमरावतीत राहते, ती अकोल्यात. मधे दोन-अडीच तासांची एसटी आहे म्हणूनच आम्ही आजवर एकमेकींचा जीव घेतलेला नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मला एम.ए. करायचं होतं, तिनं वडिलांचे कान भरून मला डी.एड.ला घातलं. माझ्या साड्याही तीच आणायची, आणि मी त्या नेसले नाही तर चार माणसांत विचारायची. लग्न तेवढं मी तिच्या पसंतीनं केलं नाही, म्हणजे केलंच नाही. तो राग तिनं लोणच्यासारखा मुरवून ठेवलाय.

मी शाळेत भूगोल शिकवला, अठ्ठावीस वर्षं. दरवर्षी रंगीत खडूनं फळ्यावर प्रवाळाचं बेट काढायचे. एखादा आगाऊ पोरगा विचारायचाच, "म्याडम, तुमी पाह्यलं का हे?" मी म्हणायचे, "आकृती काढ आणि नावं दे." निवृत्त झाले त्याच वर्षी डावीकडची माणसं मला दिसेनाशी होऊ लागली. ऑटो अगदी अंगावर आला की दिसायचा. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, थेंब रोज घाला, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. हे ऐकायला मी मुद्दाम अकोल्याला गेले होते, कारण अमरावतीत प्रत्येक दवाखान्यात नंबराची चिठ्ठी फाडणारा माझाच विद्यार्थी निघतो. ताईच्या घराच्या गल्लीवरूनच ऑटो गेला. मी उतरले नाही. सांगितलं असतं तर माझा डोळाही तिच्या ताब्यात गेला असता.

परतीच्या एसटीत मी ठरवून टाकलं. दिसतंय तोवर प्रवाळ बघायचं, पाण्यात तोंड घालून, स्वतःच्या डोळ्यांनी. पोहायला मी पन्नाशीत शिकले होते, बायकांच्या बॅचमध्ये, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. भीती वाटायची विमानतळावरच्या गर्दीची. डावीकडून कोण येऊन आदळेल याचा नेम नव्हता. सोबत हवी होती, आणि सोबतीला मोकळी अशी एकच बाई माझ्या ओळखीत होती. भावजी गेल्यापासून ती घरात एकटी असायची. डोळ्याचं काही न सांगता मी तिला विचारलं. तिनं तासाभरात होकार दिला आणि दुसऱ्या दिवशीपासून सूत्रं हातात घेतली.

महिनाभर मी मोबाइलवर खोल्याच बघत होते. या धंद्यातला खोटेपणा मला लवकर कळला. टॉवेलचं बदक करून पलंगावर ठेवलेलं असलं की खोलीला खिडकी नसते. समुद्राजवळ म्हणजे ऑटोनं वीस मिनिटं. प्रवाळ जवळ म्हणजे होडीनं जवळ, आणि होडीचं भाडं खोलीपेक्षा जास्त. मी एकच गोष्ट शोधत होते: पायऱ्या उतरून पाण्यात शिरलं की प्रवाळ सुरू झालं पाहिजे, आणि पेन्शनीत परवडलं पाहिजे. शेवटी एका छोट्या बेटावर बांबूच्या झोपड्या सापडल्या. पंखा, मच्छरदाणी, बाहेर सामाईक ओसरी. राहून गेलेल्या चौघांनी लिहिलं होतं की श्वासाची नळी आणि पाण्यातला चष्मा लावून पायऱ्यांवरूनच उतरता येतं. फोटोत निळं पाणी शेवटच्या पायरीला लागलेलं होतं.

ताईनं मोठ्या बेटावरच्या बाजारातला तीनमजली लॉज काढला होता. बोटीच्या धक्क्याला लागून. आमच्याकडे परगावी गेलं की खोली स्टँडजवळच घ्यायची, मग त्या स्टँडवरून पुढं कुठंही जायचं नसलं तरी.

"त्या झोपडीत काय ठेवलं वं?" ती फोनवर म्हणाली. "रातच्याले साप निघन तथी."

"ताई, पायरीपासून प्रवाळ हाये."

"पोवळंच पायजे तं सराफ्यात चाल. अंगठीत बसवून देतो तुले."

पंधरा दिवस हेच चाललं. मी फोन आपटायचे, ती पुन्हा लावायची. शेवटी बाजारात भाव करतात तशी तडजोड झाली. एक रात्र माझी, दोन रात्री तिच्या. आधी माझी झोपडी, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या बोटीनं तिचा लॉज. तारीख मी निवडली, पौर्णिमेची. चांदण्यात समुद्र कसा दिसतो ते बघायचं होतं. बोटीची तिकिटंही मीच काढली.

मग एक दिवस ती माझ्याकडे आली असताना मी झोपडीच्या मालकाला फोन लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. ती खुर्ची ओढून पुढं सरकली आणि मला बोलू न देता तिनं पहिला प्रश्न विचारला, "भैया, नल कितने दिन के बाद आता है?"

अकोल्याचं माणूस दुसरं काय विचारणार? तिथं नळाला इतक्या दिवसांआड पाणी येतं की मुलगी बघायला आलेले लोकही आधी टाकी बघतात. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, बेट हाये ते! चारी बाजूनं पाणी हाये!"

"मंग खाऱ्या पाण्यानं भांडे घासतीन का ते? विचारू दे मले."

मालक हसत होता. टाकी आहे, पाणी चोवीस तास आहे, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "मैडम, एक बात और बता दूँ, आप जिस तारीख को आ रहे हैं..." तेवढ्यात ताईनं गादी कापसाची आहे का ते विचारायला तोंड उघडलं. मी "ठीक है भैया, सब समझ गए" म्हणून फोन कापला. त्या माणसाला काय सांगायचं होतं ते ऐकून घेण्यापेक्षा ताईचं तोंड बंद करणं मला महत्त्वाचं वाटलं.

ठरल्या दिवशी दुपारी अडीचला आम्ही झोपडीपाशी उतरलो. मी पिशवी ओसरीवर टाकून तशीच पायऱ्यांकडे गेले. पायऱ्या होत्या, समुद्र नव्हता. लांबवर नुसते तपकिरी दगड पसरलेले, मधूनमधून डबकी, आणि त्यातून लोक चपला घालून खेकडे बघत फिरत होते. पाणी पार तिकडे, शेताच्या दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावर असावं तसं.

मालक मागून आला. "मैडम, उस दिन मैं वही बोलनेवाला था. पूनम को पानी बहुत पीछे जाता है. अब कल सुबह नौ के बाद ही उतर सकते हैं."

नऊनंतर. आणि बोट साडेनऊला.

अठ्ठावीस वर्षं मी पोरांकडून घोकून घेतलं होतं. अमावास्या आणि पौर्णिमेला भरती सर्वांत मोठी, आणि ओहोटीही सर्वांत मोठी. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत. ज्यानं आकृतीत चंद्र चुकीच्या जागी काढला त्याचे मी गुण कापले होते. आणि प्रवाळ बघायला स्वतः पौर्णिमेचा दिवस निवडून आले होते, पाण्याची वेळ न विचारता. समुद्र माझ्यासाठी पुस्तकातच राहिला होता. आमच्याकडचं पाणी विहिरीत असतं नाहीतर धरणात, ते दुपारी उठून कुठं जात नाही.

ताईला सगळं कळायला दोन मिनिटं लागली. मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, हलत हलत हसली.

"भूगोलाच्या म्याडम! काय शिकवलं वं तू पोराइले?"

मला ती त्या क्षणी नकोशी झाली. खरंच, धक्का देऊन त्या दगडांवर पाडावं असं वाटलं. ते केलं नाही, त्याहून वाईट केलं. मी म्हटलं, "भावजी सुटले तुह्या तावडीतून."

तिचं हसू थांबलं. ती माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही. अंधार पडायच्या आधी तिनं डबा उघडून दशमी आणि ठेचा काढला, अर्धी दशमी माझ्यापुढं सरकवली आणि तोंड फिरवून आपली अर्धी खाल्ली. मी माफी मागितली नाही. पौर्णिमेचं चांदणं पडलं तेव्हा मी आत भिंतीकडे तोंड करून पडले होते.

सकाळी आठला ती आंघोळ करून, पिशवी भरून, तयार होऊन ओसरीवर उभी होती. पाणी परत येत होतं. दगड एकेक करून बुडत होते. पाण्यात नेणारा माणूस चष्मे धुवत बसला होता. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, अजून तासभर. मी पिशवी उचलली. थांबू या का, असं तिला विचारणं माझ्यानं होत नव्हतं. जीभ कापली असती तरी विचारलं नसतं. नजर मात्र पुन्हा पुन्हा पाण्याकडे जात होती. पुन्हा इथं येणं होणार नाही, आणि झालं तरी तेव्हा दिसेल की नाही कुणास ठाऊक, हे मला कळत होतं.

ताईनं पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली.

"बोट जाऊ दे."

"तिकीट हाये ना."

"जाऊ दे म्हनलं ना! संध्याकायच्या बोटीनं जाऊ. नाई तं मरेपर्यंत माह्या नावानं बोटं मोडशीन तू."

मी आभार मानले नाहीत. पंजाबी ड्रेसवरच तरंगायचं फुगीर जाकीट घातलं, नळी दातात धरली आणि त्या माणसाच्या मागं पाण्यात उतरले.

सुरुवातीला राखेसारखं करडं, मेलेलं प्रवाळच होतं. मला रडू यायला लागलं, आणि त्या चष्म्यात रडणं भलतंच गैरसोयीचं असतं. मग तो माणूस मला पुढं ओढत घेऊन गेला आणि जिवंत प्रवाळ आलं. फुलकोबीच्या गड्ड्यासारखं, पिवळसर, जांभळं, काही हिरवं. एक निळा-हिरवा मासा त्याचा चावा घेत होता आणि तो आवाज मला पाण्यात ऐकू येत होता, फुटाणे खाल्ल्यासारखा कुडुम कुडुम. हे फळ्यावर कधी काढता आलं नसतं. आणि तो चष्मा लावला की कडेचं कुणालाच काही दिसत नाही, फक्त समोरचं दिसतं. पाण्यात असलेल्या सगळ्यांना तेवढंच दिसत होतं जेवढं मला दिसत होतं. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या डोळ्यात काही कमी नव्हतं. मी अर्धा तास तिथं होते आणि मी सुखात होते.

बाहेर आले तेव्हा ताई शेवटच्या पायरीवर उभी होती. तिला पाण्याची भयंकर भीती. तरी घोट्यापर्यंत पाण्यात होती, एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात टॉवेल. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती.

"काय दिसलं वं?" तिनं विचारलं. तो टोमणा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं.

"काई नाई," मी म्हटलं. "दगड."

का म्हटलं ते मला माहीत आहे. माझ्या आयुष्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिच्या हातातून माझ्याकडे आली होती. हा अर्धा तास तेवढा तिचा हात न लागता मिळाला होता. तो सांगितला असता तर पुढच्या लग्नकार्यात तिनं तो माझ्याआधीच सगळ्यांना सांगितला असता. बोट तिनं सोडली म्हणून तो मिळाला हे त्या वेळीही मला दिसत होतं, आणि त्यामुळेच मी जास्त चिडले होते.

त्याला आता दीड वर्ष झालं. नातेवाईक जमले की ती हटकून म्हणते, "इतक्या दूर जाऊन दगड पाहून आली आमची म्याडम," आणि सगळे हसतात. मागच्या महिन्यात चुलत भाच्याच्या साखरपुड्याला जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. तिनं हळूच विचारलं, "खरं सांग. काईच नोयतं का तथी?"

"नोयतं," मी म्हटलं.

तिनं ओट्यावरची पिशवी उचलली. मग आम्ही रात्रीच्या स्वयंपाकासाठी भाजी आणायला बाजारात निघालो. चौकात गर्दी होती, तेव्हा ती पटकन माझ्या डाव्या बाजूला आली, कोपराला धरलं आणि डावीकडून येणारा ऑटो हात दाखवून थांबवला. विचार केला तर विमानतळावरही ती पूर्ण वेळ माझ्या डावीकडूनच चालत होती. मी तिला डोळ्याचं आजपर्यंत सांगितलेलं नाही. तिला ते निघायच्या आधीपासून माहीत असणार, दवाखाना तिच्याच गावातला होता.

मी कोपर सोडवून घेतलं नाही. पण मासा दिसला होता, हेही सांगितलं नाही.