आठ माणसं आणि एक अबोला

नोकरीत असताना मी फायली साठवल्या, निवृत्तीनंतर किस्से साठवतो. फायलींना निदान वाळवी तरी लागायची.

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी इंग्लंडच्या खेड्यांतले जुने नाच चालतात. लिमयेबाई तरुणपणी नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे होत्या. तिथे लागलेला हा नाद पंचाहत्तरीतही सुटलेला नाही, म्हणून हा क्लास. मी व्हायोलिन वाजवतो. नाचायला आठ जण लागतात, आणि आमच्याकडे आठच आहेत.

*

गणपतीत आम्ही कार्यक्रम केला. हातात पांढरे रुमाल, पायात घुंगरांचे पट्टे. रुमाल हवेत उडाले तशा पहिल्या रांगेतल्या आजी नातीला म्हणाल्या, "एवढा घाम येतोय, तर पंखा लावा म्हणावं."

आभार मानताना चेअरमन म्हणाले, "ज्येष्ठांनी या वयातही व्यायाम सोडलेला नाही, हे कौतुकास्पद आहे." लिमयेबाईंनी नारळ घेतला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

*

नवी माणसं येत नाहीत असं नाही. हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी आली होती. छान नाचली. जाताना म्हणाली, "आंटी, तुम्ही सगळे सो क्यूट आहात!"

पुढच्या रविवारी म्हणे तिची कंपनीची बस लवकर होती. नंतरच्या सगळ्या रविवारीही.

*

आठांत दोन दाते आहेत. सख्खे भाऊ. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून कित्येक वर्षांचा अबोला. दोघेही एकमेकांना न सांगता क्लासला आले, कारण सांगणार कसं? समोरासमोर आल्यावर माघार कुणीच घेईना. आपण आधी नाव दिलंय, असं दोघांनीही लिमयेबाईंना बाजूला घेऊन ऐकवलं.

या नाचात जोड्या सरकत जातात. कुणाशीही अबोला धरा, फेरीत त्याचे दोन्ही हात धरून गिरकी घ्यावीच लागते. आणि गिरकी घेताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं, नाहीतर चक्कर येते. थोरले दाते पंख्याकडे बघत, धाकटे बुटांकडे. दोघेही झोकांड्या खात बाहेर पडत.

लिमयेबाई एकदा धाकट्यांना म्हणाल्या, "अहो, भावाकडे बघा. चक्कर थांबेल."

"चक्कर परवडली," धाकटे म्हणाले.

*

एका रविवारी नाही परवडली. गिरकीतून सुटलेले धाकटे थेट प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीवर गेले. घोट्याला प्लास्टर. लिमयेबाईंनी हॉलची किल्ली परत करायचं बोलून दाखवलं. त्यांचा चेहरा बघून मला व्हायोलिन पेटीत ठेववेना.

पुढच्या रविवारी धाकटे प्लास्टरसकट हजर. आपल्यावाचून क्लास बंद पडतो की नाही, हे बघायला. भिंतीशी खुर्ची टाकून बसले.

लिमयेबाई म्हणाल्या, बंद करायच्या आधी एकदा बघू. तिकडे माणूस कमी पडला की त्याची जागा रिकामी ठेवून नाचतात. तो तिथे आहे असं समजायचं, हात पुढे करायचे, डोळ्यांत बघायचं.

मी सूर धरला. फेरी सरकत धाकट्यांच्या जागेपाशी आली. थोरल्यांनी हवेतच दोन्ही हात धरले, आणि पंख्याकडे न बघता चक्क समोर बघितलं. रोखून. गिरकी पुरी झाली, झोकांडी गेली नाही.

भिंतीशी खुर्ची करकरली.

"दादा, मी एवढा उंच नाहीये. जरा खाली बघ."