खेचराला दिलेलं आवतन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या जुन्या स्क्वाड्रनचा इतिहास कोणीतरी लिहितंय म्हणे. किती फेऱ्या, किती माल, सगळं त्यात येईल. हे मात्र कोणी छापणार नाही, म्हणून इथं सांगतोय.

महायुद्धाचे दिवस. मी सेनगावजवळच्या साखऱ्याचा, बैलांत वाढलेला. त्यामुळे डकोटा विमानातून ब्रह्मदेशात खेचरं न्यायची असली की मला सोबत घेत. शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून त्या खेचरांचा आवाज ऑपरेशन करून काढलेला असायचा. तोंड उघडायचं, पण आवाज नाही... मला ते बघवत नसे.

त्या दुपारी ढगांत विमान हेलकावलं आणि डावा कान फाटलेलं एक खेचर बिथरलं. बांबूचा कठडा त्यानं लाथेनं मोडला. अशीच लाथ विमानाच्या पत्र्याला बसली असती तर आम्ही सगळेच गेलो असतो. हवालदारानं पिस्तूल काढलं.

"हटो, गोली मारनी पड़ेगी."

"जरा ठैरो, हवालदारसाब," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. घरी आबा, म्हणजे माझे वडील, बैलांच्या खांदेमळणीच्या तयारीला लागले असतील, हे सकाळपासून डोक्यात होतं. राशनच्या डब्यातलं लोणी घेऊन मी खेचराचे खांदे चोळले आणि आमच्याकडे बैलांना म्हणतात तेच म्हणालो — "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसरं काही सुचलंच नाही.

खेचर थरथरलं आणि शांत उभं राहिलं. पिस्तूल परत आत गेलं. उतरल्यावर आम्ही ते पलटणीच्या ताब्यात दिलं. इथवर नवल काहीच नाही, चोळल्यावर जनावर निवतंच.

हिवाळ्यात रजेवर घरी गेलो. जेवताना आबा म्हणाले, "आवंदा पोळ्याला एक खेचर आलं व्हतं दारात. गावात तर कुणाचंच न्हाई. डावा कान फाटलेला."

माझा घास हातातच राहिला. "ओरडलं का?"

"तोंड उघडून राहिलं व्हतं, आवाज न्हाई. मुकं असंल. तुझ्या मायनं बैलांसंगं त्याच्याबी पुढं सूप ठिवलं. पुरणपोळी खाल्ली अन् गेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पर तू काहून रडून राहिला?"

लॉजिक लावून लावून थकलो. ब्रह्मदेश कुठं, साखरा कुठं... पुढं त्या खेचराचं काय झालं, तेही कळलं नाही. पण आवतन दिलेला पाहुणा आमच्या दारातून जेवून गेला, याचं मला फार समाधान आहे. पोळ्याला आमच्याकडे अजूनही एक सूप जास्त मांडतात.