दादाची गाठ मारलेली सुतळी

मंगळवार होता. आंबिवलीच्या बागेत घसरगुंडीखाली टाकायची वाळू आली होती आणि तिच्यात खडे फार होते. कंत्राटदाराशी माझा वाद चालला होता. तेवढ्यात वहिनीचा फोन आला, दादा गेल्याचा. मी ऐकून घेतलं, आणि का कोण जाणे, वाद पुरा करून मगच निघालो.

त्याला आठ महिने झाले. मुलांच्या बागा आणि मैदानं आखून देणारं आमचं माजिवड्याचं ऑफिस, माणसं चार. तिथे सगळेच त्याला दादा म्हणायचे. माझा तो सख्खा. हल्ली चहाला बसलो की कुणीतरी "दादांचं ते आठवतं का?" म्हणतं आणि एका किश्शातून दुसरा निघत जातो. थांबवायचाही कंटाळा येतो. मग मीही सांगतो.

*

दादाचं वजन ब्याण्णव किलो. नवीन खेळण्यावर आधी तो स्वतः चढणार. "मी मावलो तर पोरं मावतील." कल्याणला नळीची घसरगुंडी बसवली. उद्घाटनाला पाहुणे कात्री घेऊन उभे, आणि दादा नळीत अडकलेला. दोघांनी खालून पाय धरून ओढला. शर्ट झटकत म्हणाला, "वळण जरा मोठं हवं होतं."

*

डोंबिवलीत आमची चूकच झाली. स्टीलची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून बसली. दुपारभर तापायची, पोरं दिवेलागणीपर्यंत जवळ फिरकत नसत. मे महिन्यात दादा ती कशी फिरवता येईल ते बघायला गेला, तर वरच्या दांडीला साडी बांधून तिच्यावर पापड वाळत घातलेले. राखणीला बसलेल्या आजी म्हणाल्या, "एवढ्यात फिरवू नका हो साहेब. गच्चीवर दोन दिवस लागतात, इथे एका दुपारीत होतं."

दादा जूनपर्यंत थांबला. घरी येताना पापड घेऊन आला.

*

ठाण्यात एका सोसायटीची मीटिंग होती. एक आजोबा म्हणाले, "लहानांसाठी काय ते करा. मोठी पोरं नकोत, टवाळक्या करतात."

"तुमचा नातू केवढा?" दादाने विचारलं.

"अकरा वर्षांचा."

"म्हणजे दीडेक वर्षात टवाळ होणार."

आजोबा सोडून सगळे हसले. मोठ्यांसाठीचं बास्केटबॉलचं जाळं मात्र नकाशातून गेलंच.

*

शीळफाट्याच्या अलीकडे एका वसाहतीत आमची जुनी बाग आहे. तिथे काय वाढवता येईल ते बघायला आम्ही संध्याकाळी गेलो होतो. दादा सवयीने झोपाळ्यावर बसला. वॉचमनने शिट्टी मारली.

"काका, बारा वर्षांवरच्यांना मनाई आहे. पाटी वाचा."

"पाटी मीच लिहिलीय."

"मग तुम्हाला माहितीच असेल. उतरा."

कठड्यावर पंधराएक वर्षांच्या दोन मुली बसल्या होत्या. त्या खिदळल्या. मग त्यातली एक म्हणाली, "आम्हाला पण रोज उठवतो तो. मुलं तरी बाहेर रस्त्यावर क्रिकेट खेळतात. आम्ही कुठे बसायचं?"

 दादा उतरला. बाजूच्या बांधकामाच्या विटा आणून त्याने एकावर एक रचल्या आणि तिला बसायला सांगितलं. तिच्या टाचा जमिनीपासून जेमतेम सुटेपर्यंत वीट वाढवत गेला. मग जमिनीपासून वरच्या विटेपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. खालचं टोक माझ्या हातात होतं.

"या उंचीचा एक झोपाळा. दोघी बसाल एवढा रुंद. आणि पाटी नाही."

"नक्की ना काका? सगळे असंच बोलून जातात."

"हा माझा भाऊ. नकाशा हाच काढतो. याला धरा."

मागच्या महिन्यात मी तिथून गेलो. दोघी कठड्यावरच होत्या. "काका, झोपाळा?" तिने विचारलं. नंतर म्हणाली, "ते दुसरे काका नाही आले?"

सुतळी माझ्या टेबलाच्या खणात आहे. नकाशा तयार आहे. सुतळी मोजून उंचीचा आकडा भरला की तो मंजुरीला जाईल. आकडा मी अजून भरलेला नाही.