मालकाच्या आनंदाचा तोक

ग्वाक मान-सिकबद्दल तुम्हाला नक्की काय माहीत होतं, असं कुणी विचारलं तर मी गप्पच बसेन. नऊ वर्षं रोज सकाळी मी त्याच्या दुकानी जात होतो. पण त्याची बायको कशाने वारली, तेसुद्धा मी कधी विचारलं नाही. तो बोलका नव्हता आणि मीही नाही. तोकचा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वडीचा, तुकडा कागदात बांधून देताना तो एकच वाक्य म्हणायचा, ‘‘उद्याला ठेवू नका, काका. कडक होतो.’’

दुकान त्याचं नव्हतंच, होंगसाहेबांचं होतं. अमेरिकेत, ड्युलूथच्या आमच्या कोरियन बाजारात, माझ्या जुन्या लाँड्रीच्या शेजारी. होंगसाहेबांनी पैसे गुंतवून स्वतःचा व्हिसा मिळवला, दुकान थाटलं, आणि तोक करणारा हवा म्हणून ग्वाकला कोरियातल्या गावाकडून आणवलं. ओलसर तांदळाचं पीठ हाताने चाळायचं, थर द्यायचे, वाफवायचे. हे इथे कुणाला जमत नव्हतं. ग्वाकचा व्हिसा त्या दुकानाला बांधलेला. दुसऱ्या कुणाकडे त्याने एक ताटली विसळली असती तरी ते चाललं नसतं. आणि सात वर्षांची असताना आलेल्या त्याच्या मुलीचा, येसुलचा, व्हिसा बापाच्या व्हिसाला बांधलेला. पोरीचं शिक्षण इथे पुरं व्हावं, एवढ्यासाठी तो राहिला होता. तिची बारावी पुढच्या वर्षी होती.

‘‘कोरियन वाचता येतं का गं तुला?’’ मी एकदा तिला विचारलं.

‘‘दुकानाची पाटी येते, आजोबा.’’

‘‘तीही पाठ आहे तिला,’’ आतून ग्वाक म्हणाला. ‘‘वाचत नाही ती.’’

मार्चमध्ये होंगसाहेबांना ग्रीन कार्ड मिळालं. त्यांच्या बहिणीने तेरा वर्षांपूर्वी अर्ज भरला होता. चांगलं काही घडलं की आमच्यात शेजारीपाजारी तोक वाटतात. ग्वाकने त्या दिवशी पाच मोठी भांडी वाफवली, लाल चवळीचे थर देऊन. एकाही थराला तडा नव्हता. खोकी घेऊन मीच न्हाव्याकडे, बँकेत, मासळीवालीकडे फिरलो.

‘‘आता तुझा नंबर, ग्वाक,’’ परत येऊन मी म्हणालो. ‘‘मालक कायमचे झाले म्हणजे तूही झालास.’’

‘‘करणारच याचे कागद!’’ होंगसाहेब म्हणाले. ‘‘याच्याशिवाय मी काय विकू? मला तर पाणीही उकळता येत नाही!’’

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.

जूनमध्ये ग्वाकची मुदत वाढवायची होती. वकिलाने मालकाचे कागद मागितले, तेव्हा होंगसाहेबांनी कौतुकाने ग्रीन कार्ड पुढे केलं. वकिलाने ते परत सरकवलं आणि नियम सांगितला म्हणे. मालक इथला कायमचा रहिवासी झाला की तो परदेशी गुंतवणूकदार उरत नाही, आणि त्याच्या दुकानासाठी आणलेल्या माणसाचा व्हिसाही टिकत नाही. तीन महिने ग्वाक हक्क नसताना राबत होता. आधी विचारलं असतं तर निम्मं दुकान दुसऱ्या कुणा कोरियन नागरिकाच्या नावावर करता आलं असतं, असं वकील म्हणाला. आधी कुणाला सुचलं नाही. आम्ही तोक खात होतो.

‘‘मला खरंच माहीत नव्हतं रे,’’ होंगसाहेब दुकानात खुर्चीवर बसून म्हणाले.

‘‘मला ठाऊक आहे, मालक.’’

‘‘नव्याने अर्ज करतो. दोन-तीन वर्षांत...’’

‘‘तोवर येसुलची शाळा संपेल, मालक.’’

मला राहवलं नाही. ‘‘निम्मं दुकान माझ्या नावावर करा ना. अजूनही करता येईल.’’

ग्वाकने माझ्याकडे पाहिलं. त्याला हसू आवरेना. ‘‘काका, तुम्ही तर अमेरिकन.’’

मी विसरलोच होतो. वीस वर्षांपूर्वी मीच इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती.

भट्टी त्याच दिवशी बंद झाली. पुढे महिनाभर मी सकाळी तिकडे फिरकलो नाही. गेलो असतो तर काय बोलायचं, हेच कळत नव्हतं. आता वाटतं, नुसतं जाऊन बसायला हवं होतं.

कोरियाला परत जायच्या विमानाच्या दिवशी सकाळी ग्वाक माझ्या दारात आला. हातात कागदाची पुडी. तोक घरच्या लहान भांड्यात वाफवला होता. कडा थोड्या तुटल्या होत्या. त्याचे तोक कधी तुटत नसत. मागे गाडीत येसुल बसली होती. मांडीवर कोरियन पहिलीचं पुस्तक, बदकांची चित्रं असलेलं. तिने मान वर केली नाही.

‘‘चहा घेतोस?’’ मी विचारलं.

‘‘नको, उशीर होईल. गरम आहे अजून. उद्याला ठेवू नका, काका. कडक होतो.’’

‘‘नाही ठेवत,’’ मी म्हणालो.