तिसरा रकाना

पोरगं कॉम्प्युटरसमोर बसलं की सर आधी कीबोर्डवर आपला पालथा हात ठेवायचे. पंजा पुरता पसरून, खालचं एकही अक्षर दिसू नये असा. मग म्हणायचे, "पहिले तोंडानं सांग. मंग बोटानं लिही."

काय शोधायचं आहे ते चारचौघांत मोठ्यानं सांगायचं, मगच तो हात उचलला जायचा. नवीन पोरं बिचकायची. चार दिवसांनी सवय व्हायची, आणि मग तो वर्ग एखाद्या बाजारासारखा गजबजायचा. कोणी ओरडतंय "चंद्रावरचे खड्डे", कोणी "मिथुन राशीचं भविष्य". मी शेजारच्या वर्गात व्याकरण शिकवत असायचे आणि या आवाजानं माझं डोकं उठायचं. दोनदा तरी मी भिंत बडवली असेल.

आमची शाळा लाखांदूरच्या पुढच्या एका गावात, तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. मी तिथं आयुष्यभर मराठी शिकवलं आणि शेवटची तीन वर्षं मुख्याध्यापक होते. सर कंत्राटी संगणक शिक्षक. त्यांचं गाव आंधळगाव, म्हणजे भंडारा जिल्ह्याचं दुसरं टोक. आठवडाभर लाखांदूरला खोली करून राहायचे आणि शनिवारी एसटी धरून घरी जायचे. काडीसारखी अंगकाठी, भर पावसाळ्यात अंगात हाफ स्वेटर आणि हातात ही एवढी मोठी पाण्याची बाटली. दर दहा मिनिटांनी घोट. मी चिडवायचे, सर, धरणाला थोडं राहू द्या. ते हसायचे आणि आणखी एक घोट घ्यायचे. लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, थंडी आणि तहान दोन्ही सोसत नव्हत्या, हे मला वर्षभरानं कळलं. तोवर मी चिडवतच होते. जीभ माझी पहिल्यापासूनच अशी.

एकदा दहावीतल्या एका धटिंगणानं मुद्दाम आवाज चढवून सांगितलं, "हिरोईनचे फोटो पाहाचे हायेत." वर्ग फिदीफिदी हसला. मी दारातच उभी होते. मला वाटलं, आता कानशिलात बसणार. सरांनी हात उचलला. म्हणाले, पाहा, पाच मिनिटं आहेत. पाच मिनिटांनी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, यातला कोणता फोटो तिनं स्वतः टाकला? कोणता तिला न विचारता काढला? कशावरून ओळखायचं? आणि तुझ्या बहिणीचा असा कोणी काढला तर तू कुठं जाशील? पोराचं तोंड एवढंसं झालं. पुढचे दोन तास वर्ग त्याच एका विषयावर बोलत होता. त्या दिवशी मी भिंत बडवली नाही.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत चाळणी नव्हती का? होती की. कॉम्प्युटरांबरोबरच आली होती, नको त्या गोष्टी अडवणारी. तिला चाळणी हे नाव सरांचंच. मशीनच ती, तिला शब्द कळायचे, माणूस कळायचा नाही. सातवीच्या एका पोराला दारूबंदीवर भाषण करायचं होतं. दारू शब्द दिसला आणि चाळणीनं सगळं अडवलं. दहावीच्या विज्ञानातला एक अख्खा धडा तिला मंजूर नव्हता. बोर्डाला मंजूर, चाळणीला नाही.

सरांचा चाळणीला विरोध नव्हता, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण पुढं संस्थेत वेगळंच पसरलं. ते स्वतः ती नीट लावायचे, दर सोमवारी तपासायचे. फक्त म्हणायचे, "चाळणी शाळेत आहे, मॅडम. मोबाईल घरी आहे. तिथं या पोराईच्या हातावर कोन हात ठेवन?"

आणि सगळंच काही तोंडानं सांगता येत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी खिडकीपाशी एका स्टुलावर वही ठेवली. दोनशे पानी, दोरीनं पेन बांधलेलं. पानावर तीन रकाने आखलेले. काय अडलं. कशाला पाहिजे होतं. तिसरा रकाना सरांचा. नाव लिहायचं नाही. दर शुक्रवारी सर ती वही खोलीवर न्यायचे आणि सोमवारी परत ठेवायचे. तिसऱ्या रकान्यात कधी "उघडलं, पाहून घे" असं असायचं, कधी "हे उघडणार नाही" आणि पुढं कारण. नुसतं नाही त्यांनी कधी लिहिलं नाही. नाही म्हणायचं तर काहून नाही ते सांगा लागते, असं त्यांचं म्हणणं. पोरं सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी त्या स्टुलाभोवती जमायची. माझ्या निबंधाच्या वह्या इतक्या ओढीनं कोणी परत घेतल्या नाहीत. सांगते ते खरं सांगते, मला थोडा हेवा वाटायचा.

मग ऑगस्टातल्या एका बुधवारी संस्थेचे एक सदस्य शाळा पाहायला आले. दुपारची सुट्टी होती, संगणकाच्या वर्गात कोणी नव्हतं. त्यांनी वही उचलली, उघडली, आणि नेमकं पान निघालं ते कोण्या पोरीचं. पाळी पुढं गेली तर काय समजायचं, असं तिनं विचारलं होतं. सरांनी तिसऱ्या रकान्यात साधं, समजेल असं उत्तर लिहून आईशी किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंशी बोलायला सांगितलं होतं. सदस्यांचा चेहरा लालबुंद झाला. पोरींना हे धंदे शिकवता काय, म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले, शिपायासमोर म्हणाले. दहा साईट ठेवा, बाकी सगळं बंद, आणि ही वही आजच्या आज उचला.

मी उचलली. माझी मुख्याध्यापकपदाची मान्यता अजून अडकलेली होती आणि त्यावर त्यांचीच सही लागायची. वही माझ्या कपाटात टाकली आणि कुलूप लावलं.

सर संध्याकाळी आले. भांडले नाहीत. म्हणाले, दहा साईट ठेवतो, पण वही तेवढी राहू द्या. मी म्हटलं, सर, माझ्या हातात नाही. तेव्हा म्हणाले, "मंग तुमी तरी वाचा, मॅडम. कोनी तरी वाचाले पाह्यजे."

मी हो म्हटलं. वाचली नाही. खरंच सांगते, कपाट रोज उघडायचे, हजेरीपत्रक काढायचे, वही तिथंच असायची. वाटायचं, पोरांच्या गमतीजमती, वाचू निवांत.

महिनाभरानं नववीतली एक मुलगी शाळेत यायची थांबली. हुशार होती, माझी आवडती. घरी विचारलं तर आजारी आहे, एवढंच सांगितलं. मग कळलं, वडसाला मामाकडं पाठवली. कारण गावात बोभाटा झाला होता. कोणीतरी मोबाईलवरून तिचा चेहरा दुसऱ्याच कोणाच्या अंगावर चिकटवून फोटो केला होता, तिला दिवसेंदिवस धमकावलं होतं, आणि शेवटी तो गावातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकला होता. बापानं मोबाईल फोडला आणि पोरीची शाळा बंद केली. करणारा कोण ते कळलंच नाही. बापानं पोलिसांत जायला साफ नकार दिला.

सर तिच्या घरी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी परत आले तेव्हा माझ्या समोरच्या खुर्चीत बसले आणि बाटलीचं झाकण उघडझाक करत राहिले. मग म्हणाले, "दीड महिना सोसत होती पोरगी. मले सांगलं नाही. वही होती तेव्हा वहीतबी नाही लिवलं. एवढं शिकवलं मी, पन तिले माह्यावर भरोसा नाही वाटला, मॅडम."

त्यांचे डोळे भरले होते. मी काहीतरी समजुतीचं बोलले.

दीड महिना, हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. ते गेल्यावर मी कपाट उघडलं आणि वहीचं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. त्याच बुधवारची तारीख. काय अडलं, त्याखाली लिहिलं होतं, "तक्रार कुठं कराची ते पान." कशाला पाहिजे होतं, त्याखाली, "एकानं माझा फोटो खराब केला. सगळ्याईले पाठवतो म्हणते. सर, काय करू?" नाव नव्हतं. पण तीन वर्षं मी त्या पोरीच्या वह्या तपासल्या होत्या. तिची शिरोरेघ शेवटच्या अक्षराच्या पुढं जायची, हजारदा सांगूनही. इथंही गेली होती.

तिसरा रकाना कोरा होता. सकाळी तिनं लिहिलं आणि दुपारी मी वही उचलली.

आता मला सांगा, दुसऱ्या दिवशी सरांना बोलावून हे सांगायला काय लागत होतं? दोन वाक्यं. सर, तिनं लिहिलं होतं. वही माझ्याकडं होती. मी नाही सांगितलं. भीती वाटली. सदस्यांची, नोकरीची, आणि सगळ्यात जास्त सरांच्या तोंडाकडं पाहण्याची. उलट आठ दिवसांनी त्यांनी वही परत मागितली तेव्हा मी म्हटलं, रद्दीत गेली असेल. बरं, म्हणाले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्या माणसानं.

पुढं सरांनी त्या मुलीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. गावात बापाची आणि वडसाला जाऊन मामाची सही घेतली. पुस्तकं नेऊन दिली. मुलगी त्यांच्यासमोर आली नाही, आतल्या खोलीतच बसून राहिली. सरांनीही आग्रह केला नाही. पोरीनं जे सांगितलं नाही ते आपण विचारायचं नाही, असं ते मला म्हणाले. वर्गात मात्र पूर्वीसारखे राहिले नव्हते. कीबोर्डवर हात ठेवायचे, पण मधेच विसरून तसेच उभे राहायचे. "सर, हात," असं पोरांना म्हणावं लागायचं.

मी निवृत्त झाले. ती मुलगी दहावी पास झाली, सरांनी फोन करून सांगितलं. आवाजात आनंद होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी पेढे कधी देता म्हणून चेष्टा केली आणि फोन ठेवला.

त्याच हिवाळ्यात त्यांना सिकलसेलचा मोठा झटका आला. आधी भंडारा, मग नागपूर. चौथ्या दिवशी गेले. चाळिशीही गाठली नव्हती.

आंधळगावला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. अंगणात मांडव, पुढं बुद्धमूर्ती, तिच्या बाजूला सरांचा स्वेटरातलाच फोटो. वंदना झाली, मग एकेकाला दोन शब्द बोलायला बोलावू लागले. मी माजी मुख्याध्यापक, माझं नाव आलंच. वही माझ्या पिशवीत होती. घरून निघताना ठरवलं होतं, आज सरांच्या पत्नीच्या हातात द्यायची. माईकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, सर मनमिळाऊ होते, कर्तव्यदक्ष होते. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईला एवढेच शब्द सापडले. खाली येऊन बसले.

लोक जेवायला उठले तेव्हा मी मांडवामागं पाण्याच्या ड्रमापाशी गेले. ती मुलगी तिथं उभी होती. मामाबरोबर आली होती. उंच झाली होती. माझ्या पायाला हात लावला. मग खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, सरनं वही वाचली होती ना? दुसऱ्या दिवशी स्टुलावर नव्हती, मंग त्याईनंच नेली असन. मंग मले काही म्हटलं काहून नाही त्याईनं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. म्हणून ती वडसाला सरांसमोर बाहेर आली नव्हती. सरांना वाटलं, पोरीचा भरोसा नव्हता. पोरीला वाटलं, सरांनी वाचलं आणि गप्प बसले. दोघांच्या मधे माझं कपाट होतं.

मला सरांचा पालथा हात दिसला. पहिले तोंडानं सांग.

"सरांनी वाचली नाही गं," मी म्हटलं. "तू लिहिलंस त्याच दुपारी मी उचलली. माझ्या कपाटात होती. त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, तू लिहिलंच नाहीस."

पिशवीतून वही काढून दिली. तिनं पान बरोबर काढलं. आपली ओळ वाचली. मग बाजूच्या कोऱ्या जागेवर तिनं हळूच हात ठेवला, पालथा, पंजा पसरून.

"दोन वर्सं राग धरला ना मी सरवर," ती म्हणाली.

मांडवातून कोणीतरी आम्हाला जेवायला हाक मारली, पण तिनं हात उचलला नाही आणि मी तिथंच तिच्याजवळ उभी राहिले.