डाव्या पायाची शिवण

मारुती गेल्याचा फोन शालनवहिनींनी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी केला. पहिलंच वाक्य होतं, "भावजी, तुमची प्यांट तेवढी ऱ्हायली बघा…" आणि मग त्यांना रडू कोसळलं. त्याला आता दीड महिना झाला. मंगळवार पेठेतला हा माझा शिंपी मित्र छप्पन्नाव्या वर्षी काविळीनं गेला. पायानं गेला नाही, हे मुद्दाम लिहितो. कारण आठ वर्षांपूर्वी तो पायानंच जायचा होता.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणाच्या पाणीपातळीचे आकडे लिहिण्याची. त्यामुळं दोन सारख्या गोष्टींतला फरक माझ्या डोळ्यांत खुपतो. तेव्हा एकदा दुकानात बसलो असताना मारुतीच्या पँटवर, डाव्या मांडीच्या शिवणीलगत, उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या तीन रेघा दिसल्या. उजवीकडं एकही नव्हती.

"डावी बाजू तीनदा ढिली केलीस?"

"कापड आटलं असंल."

"एकाच पायाचं?"

"वकील हाईस व्हय रं? तू तुझं धरण बघ की!"

मी धरणच बघत होतो. पातळी चढत असली की पुढं कुठंतरी पाणी अडलेलं असतं. पाय सुजला तर माणूस दवाखान्यात जातो. हा शिंपी पंधरा दिवसांत तीनदा पाव-पाव इंच शिवण सोडून मोकळा झाला होता. मी विचारलं, "आणखी सोडायला आत कापड किती उरलंय?" त्यानं शिवण चिमटीत धरून आतनं चाचपली. "काय न्हाय."

"मग ऊठ."

सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करणारं इंजेक्शन लगेच सुरू केलं. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस हाती लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. पण सूज थेट जांघेपर्यंत, आणि तीही फक्त डावीकडं, हे बाईंना पटेना. त्यांनी पोटाचा सीटी स्कॅन करायला लावला आणि मूळ सापडलं. डाव्या पायातलं रक्त वर नेणारी शीर पोटात धमनी आणि मणका यांच्यामध्ये चिमटली होती. रचनाच तशी असते काहींची, असं बाई म्हणाल्या.

"म्हंजे जल्मापासनं कटिंगच चुकलंय की!" मारुती खाटेवरून गरजला. गुठळी काढायची आणि चिमटलेल्या जागी जाळीची नळी बसवायची, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा खुलला. "कॉलर पडू नये म्हणून आमी आत बकरम घालतोय, तसंच की!"

"तसंच समजा," बाई म्हणाल्या, "पण हे उसवायचं नाही."

नळी बसली. पायाची सूज हळूहळू उतरली. मग घालायला घट्ट लांब पायमोजा मिळाला, आणि त्याचं फिटिंग चुकलंय म्हणून मारुतीनं दवाखान्यातच भांडण काढलं. घरी तो त्याचीही शिवण सोडणार, या भीतीनं वहिनींनी आठ दिवस दुकानाच्या कात्र्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या.

गेल्या रविवारी गिऱ्हाइकांची कापडं परत करायची म्हणून वहिनींनी मला दुकानात बोलावलं. नावं शोधायला मापांची वही उघडली. शिंपी मांडी एकाच पायाची मोजतो. सगळ्यांच्या नावापुढं मांडीचा एकच आकडा होता. माझ्या पानावर मात्र, त्याच्या आजारपणानंतरच्या दर दिवाळीला, दोन होते : डावी, उजवी. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी पायांकडं लक्ष ठेवावं, असं डॉक्टरीणबाई तेव्हा जाता जाता बोलल्या होत्या. मी विसरलो होतो… आठ वर्षं तो माझ्या दोन्ही पायांना टेप लावत होता, आणि फरक टिपणारा म्हणून मिरवणाऱ्या मला ते एकदाही कळलं नाही.

यंदाच्या ओळीत माझी कंबर दोन इंच वाढलेली, मांडी मात्र डावी तेवीस, उजवी तेवीस. पुढं त्याचं वाकडं अक्षर : "पाय बरोबर. पोटाचं सांगून उपेग न्हाय."